मुलांना काउंटरवर पाठवण्याआधी एक अभिरूप रुग्ण भेटू द्या

ठाणे आणि नवी मुंबईतील फार्मसी महाविद्यालयांचे प्राचार्य आणि अध्यापक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

ठाणे पूर्वेला कोपरीत माझं मेडिकल आहे. दुकान उघडून बावीस वर्षं झाली. डी. फार्म.च्या, म्हणजे फार्मसी पदविकेच्या, अभ्यासक्रमातलं ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग पुरं करायला आपली मुलं-मुली माझ्याकडे येतात, तीन महिने काउंटरवर उभी राहतात आणि सही-शिक्का घेऊन जातात. मुलं चांगली असतात, हे आधी सांगते. मधुमेहाचं मेटफॉर्मिन शरीरात काय करतं हे विचारलं तर न अडखळता सांगतात. शेड्यूल एच-वनचं, म्हणजे नोंद ठेवूनच द्यायच्या औषधांचं, रजिस्टर कसं भरायचं ते एका दिवसात शिकतात. जर्नल तर इतकं नेटकं की बघत राहावं. मग संध्याकाळी सहा वाजता एखादी बाई चिठ्ठी पुढे करते. मुलगा स्ट्रिप कापतो, मागे पेनाने १-०-१ लिहितो, पिशवीत टाकतो आणि म्हणतो, "सकाळ-संध्याकाळ. दोनशे चाळीस झाले." तेवढ्या वेळात त्याने त्या बाईच्या तोंडाकडे एकदाही पाहिलेलं नसतं.

त्याला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. मी स्वतः तशीच होते, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

२००६ सालचा पावसाळा. मीठबंदर रोडकडून एक आजोबा यायचे, दम्याचा जुना त्रास. त्या वेळी डॉक्टरांनी त्यांना पहिल्यांदाच श्वासातून ओढायच्या कॅप्सूल लिहून दिल्या होत्या. मी कॅप्सूलची डबी दिली, त्या ओढायचं छोटं प्लास्टिकचं यंत्र दिलं आणि "दिवसातून दोन वेळा" असं सांगितलं. दुकानात गर्दी होती. आजोबा "बरं" म्हणून गेले. बारा दिवसांनी परत आले ते दुकानाच्या पायरीवरच बसले. एक वाक्य पुरं करायला त्यांना दोनदा थांबावं लागत होतं. म्हणाले, "ताई, औषध काही लागू पडत नाही. आणि ती गोळी घशाला चिकटते हो, वरून पाणी प्यायलं तरी." मी विचारलं, यंत्र कुठे आहे? ते त्यांनी नातवाला खेळायला दिलं होतं.

फुप्फुसात जायचं औषध बारा दिवस पोटात जात होतं. रिक्षा बोलावून त्यांना रुग्णालयात नेलं, नेब्युलायझर लावला, दोन दिवसांनी घरी आले. बरे झाले, हे माझं नशीब. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनातून गेली नाही. माहिती मी दिली नव्हती असं नाही. "दिवसातून दोन वेळा" ही माहितीच आहे, आणि ती बरोबर होती. मी विचारलं नव्हतं ते एवढंच: "आजोबा, हे कसं घ्याल, मला करून दाखवता का?"

जानेवारी २०१५ मध्ये भारतीय फार्मसी परिषदेचे फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स आले. रुग्णाशी बोलणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. औषध कशासाठी आहे, किती, कसं आणि किती दिवस घ्यायचं, कोणते दुष्परिणाम दिसू शकतात, कुठे ठेवायचं, एखादा डोस चुकला तर काय करायचं, सगळं आहे. मी ती यादी छापून काउंटरच्या आत चिकटवली आहे. ट्रेनिंगची मुलं ती पाठ करतात आणि मग गिऱ्हाइकाला पाठ म्हणून दाखवतात. काय बोलायचं ते नियमात आहे. कसं ऐकायचं, हे कुठल्याही नियमात लिहून देता येत नाही. ते करूनच शिकावं लागतं, आणि आज आपली मुलं ते खऱ्या आजारी माणसांवर शिकत आहेत. माझ्या आजोबांसारख्यांवर.

म्हणून हे पत्र. माझी मागणी एकच आहे. आपला विद्यार्थी ट्रेनिंगसाठी आमच्या दुकानाची पायरी चढायच्या आधी किमान सहा वेळा अभिरूप रुग्णासमोर उभा राहिलेला असावा.

अभिरूप न्यायालय आपल्याला माहीत आहे, अभिरूप मुलाखत माहीत आहे. तसाच अभिरूप रुग्ण. धडधाकट माणूस, पण एका ठरावीक रुग्णाची भूमिका नीट बसवून आलेला. त्याला काय होतंय, घरी कोण आहे, कशाची भीती वाटते, कोणती गोष्ट तो आपणहून सांगणार आणि कोणती विचारल्याशिवाय सांगणार नाही, सगळं आधी ठरलेलं. विद्यार्थी त्याला औषध देतो आणि बोलतो. मग तो माणूस भूमिकेतून बाहेर येतो आणि रुग्ण म्हणून आपल्याला काय वाटलं ते विद्यार्थ्याला सांगतो. शिक्षक त्याच्यानंतर बोलतात.

ही कल्पना नवी नाही. १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाने एका बाईला रुग्णाची भूमिका शिकवून वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर बसवलं. त्यावर तेव्हा टीकाही झाली, पण पद्धत टिकली. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी टेबलामागून टेबल फिरत द्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेची मांडणी प्रसिद्ध केली, आणि त्यातल्या कित्येक टेबलांवर आज असे रुग्ण बसतात. कॅनडात क्यूबेक सोडून बाकी प्रांतांत फार्मासिस्टचा परवाना हवा असेल तर लेखी परीक्षेशिवाय अशा रुग्णांशी बोलून दाखवायची परीक्षाही द्यावी लागते. आपल्याकडून तिकडे जाणारी मुलं त्यासाठी वेगळे क्लास लावतात, पैसे भरतात, महिनोन् महिने सराव करतात. टोरांटोच्या माणसासाठी जे शिकतात ते तुर्भ्याच्या माणसासाठी का शिकायचं नाही? हा प्रश्न मला खरोखर छळतो.

आपण म्हणाल, २०२० च्या नव्या अभ्यासक्रमात कम्युनिटी फार्मसीच्या प्रात्यक्षिकांत रोल-प्ले आहेच. आहे, आणि ते चांगलंच झालं. पण वर्गातल्या मित्राला रुग्ण करून बसवलं की काय होतं ते आपणही पाहिलं असेल. दोघांनाही उत्तर माहीत असतं. रुग्ण झालेला मित्र मैत्रीला जागून बरोबर तेच प्रश्न विचारतो ज्यांची उत्तरं समोरच्याने पाठ केलेली असतात. एखादी गोष्ट समोरच्याला विचारायची राहिली तर तोच सुचवतो. दोघंही विशीतले, दोघांनाही 'एम्प्टी स्टमक' कळतं, दोघांनाही चष्म्याशिवाय बारीक अक्षर वाचता येतं. काउंटरच्या पलीकडचा माणूस असा नसतो.

गेल्या तीन वर्षांपासून मी रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, ट्रेनिंगच्या मुलांबरोबर हे करून पाहते आहे. आमच्या शेजारी निवृत्त शिक्षिका राहतात, बँकेच्या आणि शाळेच्या नाटकांत काम केलेल्या. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. एक रविवार सविस्तर सांगते.

मावशींची भूमिका होती साठीतल्या बाईची. साखर गोळ्यांनी आटोक्यात येत नाही म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलंय. लोकमान्य नगरात पत्र्याची खोली, मुलगा-सून कामावर, दिवसभर एकटी. समोर मुलगा उभा राहिला तो वर्गात पहिला येणारा. त्याने सुरेख सांगितलं. बाटली ४० युनिटची (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) आहे, तर लाल टोपणाचीच सिरिंज घ्यायची, केशरी टोपणाची १०० ची, ती घ्यायची नाही. यांची अदलाबदल झाली तर काय होतं तेही सांगितलं. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ओढलं तर अडीचपट डोस जातो, साखर एकदम उतरते. जागा बदलत टोचायचं. घाम सुटला, हात थरथरले तर साखर खायची. आणि शेवटी, "फ्रिजमध्ये ठेवायचं, २ ते ८ डिग्री. बर्फाच्या कप्प्यात नाही." एकही चूक नव्हती. मावशी मान हलवत होत्या. तो थांबला, माझ्याकडे बघितलं. मी गप्प राहिले.

मग मावशींनी पदर सारखा केला आणि मावशी म्हणून बोलल्या. "बाळा, तू सगळं बरोबर सांगितलंस. पण मी घरी जाऊन रडले असते. माझ्या घरी फ्रिज नाही. तू विचारलंच नाहीस. आणि तू इतका भरभर बोलत होतास की मधे सांगायची मला लाज वाटली."

तो मुलगा लालबुंद झाला. पुस्तकातली चूक असती तर त्याने लगेच दुरुस्त केली असती, पण हे पुस्तकात नव्हतं. आम्ही चहा घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी त्याने बाटली हातात धरली आणि विचारलं, "मावशी, हे घरी कुठे ठेवाल?" आणि थांबला. तो थांबला, ही त्या दुपारची सगळ्यात मोठी गोष्ट होती. मावशी हळूच म्हणाल्या, फ्रिज शेजारणीकडे आहे, पण रोज दोनदा तिचं दार वाजवायचं म्हणजे... मग दोघांनी मिळून वाट काढली. न उघडलेली बाटली शेजारणीच्या फ्रिजमध्ये, तिथे महिन्यातून एकदाच जावं लागेल. वापरातली बाटली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकते. पण पत्र्याच्या खोलीत मे महिन्यातल्या दुपारी खोलीचं तापमान कशाला म्हणायचं? म्हणून मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, छोट्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली, वर झाकण, सावलीचा कोपरा. त्या मुलाने हे कुठेतरी वाचलं होतं. पहिल्या वेळी त्याला ते आठवण्याचं कारणच पडलं नव्हतं.

तो आता डोंबिवलीला नोकरी करतो. इन्सुलिन देताना आधी फ्रिजचं विचारतो, असं त्याने परवा फोनवर सांगितलं.

भूमिका लिहिणं हे यातलं खरं कष्टाचं काम, आणि इथेच आपल्यासारख्या शिकवणाऱ्यांची गरज आहे. माझ्याकडे एका पानाचा साचा तयार झाला आहे. वर रुग्णाचं पहिलं वाक्य, जसंच्या तसं. खाली तीन खाने: आपणहून सांगायचं, विचारलं तरच सांगायचं, आणि नीट, आपुलकीने विचारलं तरच सांगायचं. फ्रिज तिसऱ्या खान्यात होता. वीस विद्यार्थी आले तरी रुग्ण तोच राहिला पाहिजे, नाहीतर एकाला सोपा आणि दुसऱ्याला अवघड पेपर दिल्यासारखं होतं. नाटकातली माणसं सुरुवातीला रडणं, कण्हणं फार करतात. त्यांना कमी करायला सांगावं लागतं, दुकानात कोणी एवढं बोलत नाही. आणि भूमिका संपल्यावर त्यांनी गुण द्यायचे नाहीत, वाटलं ते सांगायचं: "मला घाई केल्यासारखं वाटलं." "तुम्ही हसलात तेव्हा मला धीर आला." शिक्षकाच्या दहा टिपणांपेक्षा हे एक वाक्य मुलांच्या जास्त लक्षात राहतं, असा माझा अनुभव आहे.

आपल्या भागात भूमिकांना काही तोटा नाही. रबाळ्याच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा माणूस घ्या. चिठ्ठीवर "रात्री झोपताना" लिहिलंय आणि तो सकाळी आठला झोपतो. चेंदणी कोळीवाड्यातली मावशी घ्या, जिला वाचता येत नाही आणि ते ती कधीच कबूल करत नाही, "चष्मा घरी राहिला" म्हणते. संधिवाताची, आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी घेऊन जाणारे काका घ्या. ती रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात, माणूस दगावूही शकतो, आणि काकांना "गोळी रोज घ्यायची असते" एवढंच आयुष्यभर माहीत. सिंधी कॉलनीतली आजी घ्या, थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी अंतर न ठेवता एकाच घोटाबरोबर घेणारी, जिच्याशी हिंदीतच बोलावं लागेल.

आणि ती मुलगी. चोवीस-पंचवीसची, मागे चार पुरुष उभे, ती काउंटरला खेटून हळू आवाजात तातडीची गर्भनिरोधक गोळी मागते. मी अनेक दुकानांत पाहिलंय, काउंटरवरचा पोरगा मागे वळून गोळीचं नाव मोठ्याने ओरडतो. ती मुलगी मग काही विचारत नाही, पैसे ठेवते आणि जाते. किती तास उलटले, ७२ तासांच्या आत आहे का, आणखी कुठली औषधं चालू आहेत का, गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर काय करायचं, हे सगळं बोलायचं राहून जातं. ही भूमिका मी प्रत्येक मुलाकडून करून घेते. त्यात औषधाचं ज्ञान जेमतेम लागतं. आवाज खाली आणणं आणि दोन पावलं बाजूला सरकणं, हेच त्यात शिकायचं असतं.

मुंबईतल्या औषध दुकानांत अभिरूप रुग्ण याआधी येऊन गेले आहेत, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. २०१४-१५ मध्ये दिल्ली, मुंबई आणि पाटणा इथल्या ६२२ दुकानांत संशोधकांनी ते पाठवले होते, निष्कर्ष २०१६ मध्ये लॅन्सेट इन्फेक्शियस डिसिजेस या वैद्यकीय नियतकालिकात आले. एक रुग्ण दोन-तीन आठवड्यांचा खोकला-ताप सांगून औषध मागायचा. दुसरा क्षयरोगाचं निदान झालेला थुंकीचा रिपोर्ट घेऊन यायचा. रिपोर्ट हातात होता तेव्हा ६२ टक्के वेळा दुकानदार योग्य वागले, म्हणजे अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड न देता डॉक्टरकडे पाठवलं. नुसता माणूस बोलत होता तेव्हा १३ टक्के. क्षयाची औषधं मात्र कुणीही परस्पर दिली नाहीत, हेही त्यात आहे आणि ते आपल्या बिरादरीच्या बाजूचं आहे. मी त्या आकड्यांचा अर्थ असा लावते की कागद समोर आला की आपल्याला काय करायचं ते कळतं, कागदाशिवाय नुसता माणूस आला की कळत नाही. शिक्षणच आपलं कागदाचं झालं. २०२२ च्या नियमांत सांगितलेली डी. फार्म.ची एक्झिट परीक्षा, म्हणजे नोंदणीआधी द्यायची परीक्षा, तीसुद्धा बहुपर्यायी प्रश्नांचीच. आमच्या दुकानांत हे रुग्ण तपासायला आले. शिकवायला मात्र ते कधीच आले नव्हते.

म्हणूनच माझा आग्रह आहे की हे गुपचूप करू नका. विद्यार्थ्याला आधी सांगा की समोरचा माणूस भूमिका करतोय, इथे चुकलं तर कोणाचं काही बिघडत नाही. त्याला परत करू द्या. गुण नंतर.

दुकानात एवढं बोलायला वेळ कुठे असतो, असं आमच्यातलेच लोक म्हणतील. मी घड्याळ लावून पाहिलंय. अमेरिकेत तिथल्या मूळ रहिवाशांसाठी इंडियन हेल्थ सर्व्हिस ही सरकारी आरोग्यसेवा आहे, तिथल्या फार्मासिस्टनी तीन प्रश्नांची पद्धत बसवली: डॉक्टरांनी हे औषध कशासाठी म्हणून सांगितलं? कसं घ्यायला सांगितलं? घेतल्यावर काय होईल म्हणाले? रुग्णाला जे माहीत आहे ते पुन्हा सांगावं लागत नाही, राहिलेलं तेवढंच सांगायचं. शेवटी, "घरी गेल्यावर कसं घ्याल, मला सांगा." माझ्या काउंटरवर याला सरासरी दीड-दोन मिनिटं लागतात. न सरावलेल्या मुलाला पाच लागतात आणि तरी फ्रिज राहतोच. वेळ वाचवायचा असेल तर सराव आधीच झालेला हवा.

खर्चाचं म्हणाल तर रिकाम्या बाटल्या, मुदत संपलेले इनहेलर, एक टेबल, दोन खुर्च्या आणि येणाऱ्या माणसाचं जाण्या-येण्याचं भाडं. माणसं ठाण्यात मिळतात. प्रत्येक नगरात ज्येष्ठ नागरिक संघ आहे, कट्टे आहेत, एकांकिकांच्या तालमी करणारे ग्रुप आहेत. वाशी, नेरूळलाही तेच. साठीपुढच्या माणसांना दुकानांतला अनुभव स्वतःचाच असतो, त्यांना फार शिकवावं लागत नाही. दोन बैठकांत भूमिका बसते.

तर येत्या शैक्षणिक वर्षापासून, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बाहेरच्या माणसांबरोबर सहा भूमिका द्या. त्यांतली एक तरी मराठीत, एक हिंदीत, एक यंत्र हाताळायची: इनहेलर किंवा इन्सुलिन. प्रत्येक भूमिका दोनदा, कारण शिकणं दुसऱ्या वेळी होतं. आणि त्याची नोंद जर्नलमध्ये विद्यार्थ्याच्या अक्षरात नको, रुग्ण झालेल्या माणसाच्या अक्षरात असू द्या, दोन ओळी का होईना. ट्रेनिंगला आलेल्या मुलाच्या वहीत मी आधी त्या दोन ओळी वाचेन.

माझ्याकडे अकरा भूमिका लिहून तयार आहेत. हव्या त्या महाविद्यालयाने घ्याव्यात, बदलाव्यात, सुधाराव्यात. मावशी यायला तयार आहेत, त्यांच्या संघातले आणखी तिघं आहेत, आणि रविवारी दुपारी मी मोकळी असते. नमुन्यादाखल पहिल्या भूमिकेचा कागद या पत्रासोबत जोडते आहे. रुग्ण बहात्तर वर्षांचा, दम्याचा जुना त्रास, घरी लहान नातू. काउंटरशी येऊन त्याने म्हणायचं पहिलं वाक्य: "ताई, औषध काही लागू पडत नाही." घशाला चिकटणारी गोळी तिसऱ्या खान्यात आहे.

आपली,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट
कोपरी, ठाणे (पूर्व)